एकाच पात्याने सगळी कामे? नांगराने कोळपणी होत नाही!

खेडोपाडी वीज पोचली आणि गावच्या सुतारशाळेतला आवाजच बदलून गेला. वाकसाचा ठोका आणि हातकरवतीची खरखर मागे पडली, मोटरची घरघर आली. कुठे रंध्याच्या यंत्रालाच एका बाजूला गोल करवत जोडलेली असते. कुठे लोखंडी टेबलात दहा-बारा इंची पाते बसवलेले असते. कुठे तर प्लायवूडच्या फळीखाली फरशी कापायचा मार्बल कटरच उलटा बांधून काम चालू असते. दोन दिवसांची चौकट आता अर्ध्या दिवसात होते. यात वाईट काही नाही. सुताराच्या खांद्याचे कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले.

पण एक गोष्ट खटकते. मोटर किती हॉर्सपॉवरची घ्यावी यावर चावडीवर तासभर चर्चा करणारे आपण, त्या मोटरला पाते कोणते लावावे यावर पाच मिनिटेही बोलत नाही. अहो, लाकूड मोटर कापत नाही, पाते कापते. आणि आपल्याकडची रीत अशी, की यंत्राबरोबर जे पाते आले ते दात झिजेपर्यंत निघत नाही. सागवानाची तुळई चिरायची तरी तेच, बाभळीचा खुंट तोडायचा तरी तेच, शाळेच्या कपाटाचा प्लाय कापायचा तरी तेच. सब घोडे बारा टक्के!

शेतकरी माणसाला हे वेगळे सांगायला नको. नांगराने कोळपणी कुणी करतो का? कुळव, तिफण, कोळपे ही अवजारे वेगळी का, हे शाळेत न गेलेला म्हातारासुद्धा सांगेल. मग करवतीच्या बाबतीतच आपला हिशेब का चुकतो? हा चुकलेला हिशेब तीन ठिकाणी भरावा लागतो : लाकडात, मोटरमध्ये आणि सुताराच्या बोटांत. म्हणून हा विषय केवळ सुताराचा नाही, तो त्याच्याकडे लाकूड घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

उभी चीर वेगळी, आडवा काप वेगळा

लाकूड म्हणजे कडब्याची घट्ट बांधलेली पेंढी समजा. सगळे धागे एकाच दिशेला, उभे. सरपण फोडताना कुऱ्हाड धाग्याच्या दिशेने घातली तर ढलपी एका घावात सुटते. तीच आडवी घातली तर दहा घाव लागतात. करवतीचेही तसेच आहे. म्हणून तर आपल्या भाषेत दोन शब्द आहेत : धाग्याच्या दिशेने लाकूड ‘चिरायचे’ आणि धाग्याच्या आडवे ते ‘तोडायचे’. शब्द दोन असताना पाते एकच कसे चालेल?

चिरण्याच्या पात्याचा दात पटाशीसारखा असतो. वरून सपाट, पुढे झुकलेला. तो धागा उचलून खरवडत जातो. यातून निघणारा कीस लांब आणि भरपूर असतो, त्याला बाहेर पडायला जागा लागते. म्हणून दात थोडे आणि दोन दातांमधली खाच खोल. आडव्या कापाच्या पात्याचा दात सुरीसारखा. एका दाताची धार डावीकडे तिरपी, पुढच्याची उजवीकडे. दोन्ही बाजूंनी धागा आधी कापला जातो आणि मग मधला भाग निघतो. येथे दात पुष्कळ आणि खाच लहान.

आता उलटे केले तर काय होते? चिरण्याच्या पात्याने फळी आडवी तोडली की खालची कड फुटते, सालपटे निघतात, मग सुतार रंधा मारत बसतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडते. आणि आडव्या कापाच्या बारीक दातांच्या पात्याने जाड लाकूड उभे चिरायला घेतले की खाच किसाने भरते. पाते कापत नाही, घासते. धूर निघतो, लाकूड काळे पडते, पाते तापून वाकते. ‘लाकूडच खराब आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. लाकूड बिचारे चांगले असते हो!

दात मोजून पाते घ्या

दुकानात गेलात की ‘एक चांगलं ब्लेड द्या’ एवढेच म्हणू नका. दुकानदार हाताला येईल ते देईल. दातांचा आकडा सांगून मागा. दहा इंची पात्याचा साधारण हिशेब असा :

उभे चिरायला २४ ते ३० दात. आडवे तोडायला ६० ते ८० दात. दोन्ही कामे थोडी थोडी असतील तर ४० ते ५० दातांचे मिश्र पाते. प्लाय आणि सनमायका लावलेल्या फळ्यांना ८० दात, म्हणजे पापुद्रा उडत नाही. पाते बारा इंची असेल तर आकडे त्या प्रमाणात वाढतील. मार्बल कटरला लागणाऱ्या चार इंची लाकडाच्या पात्यावर बहुधा ३० किंवा ४० दात असतात. पण तो कटर सव्वा इंचाच्या आसपासच खोल जातो, त्याच्याकडून तुळई चिरून घेऊ नये.

ढोबळ नियम एकच लक्षात ठेवा. कापताना एका वेळी किमान तीन दात तरी लाकडात असावेत. त्याहून कमी असले तर पाते हिसके देते. म्हणून पातळ फळीला जास्त दात, जाड ओंडक्याला कमी दात.

पात्यावर आणखी काही छापलेले असते, तेही वाचा. मधल्या भोकाचे माप, दाताची रुंदी, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण आणि मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे सहन होतात तो आकडा. भोक मोठे आणि दांडा बारीक असेल तर पत्र्याची पट्टी गुंडाळून पाते बसवण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. असे पाते डुलत फिरते. त्यासाठी मिळणारी नेमक्या मापाची कडीच वापरावी.

फेऱ्यांचा आकडा तर सर्वांत महत्त्वाचा. साधी मोटर मिनिटाला १,४४० फेरे मारते. मोटरवर ६ इंची पुली आणि पात्याच्या दांड्यावर २ इंची पुली लावली, की फेरे तिप्पट होऊन ४,३२० वर जातात. ‘अजून जोरात पळू दे’ म्हणून कुणी पुली बदलली आणि पात्याची मर्यादा ओलांडली, तर दात निखळून गोळीसारखा सुटू शकतो. दहा इंची पाते ४,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात असतो. एसटीच्या दुपटीहून अधिक! आणि हँड ग्राइंडरला लाकडाचे दाते पाते लावण्याचा प्रकार तर साफ बंद झाला पाहिजे. ते यंत्र त्या कामासाठी केलेलेच नाही. हातातून उसळले तर मांडी नाहीतर मान गाठते.

एका सुताचा हिशेब

सुतारकामात इंचाचे आठ सूत. नेहमीच्या जाड पात्याची चीर साधारण एक सूत रुंद पडते. म्हणजे आठ चिरा मारल्या की एक इंच लाकूड भुशात गेले.

आता बांधावरचे सागवान घ्या. आजोबांनी लावले, बापाने राखले, नातवाच्या घराला तोडले. तोडण्यासाठी परवानगीचे हेलपाटे घातले ते वेगळेच. ते १० फूट लांब आणि ३ इंच जाड लाकूड चिरताना एका सुताच्या चिरेला ४५ घन इंच लाकडाचा भुसा होतो. घनफुटात १,७२८ घन इंच. म्हणजे ३८-३९ चिरांमध्ये एक घनफूट सागवान चुलीत घालण्याच्या लायकीचे झाले. पाते डुलत असेल आणि चीर दीड सूत पडत असेल, तर २५-२६ चिरांतच तो घनफूट जातो. आज सागवानाचा घनफुटाचा भाव काय आहे तो वखारीत विचारा, आणि चांगल्या पात्याची किंमत दुकानात विचारा. दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ती म्हण इथे लागू पडते.

पाऊण सुताची चीर पाडणारी पातळ पातीही मिळतात. लाकूड वाचते, मोटरवर भार कमी पडतो. पण ओल्या, जाड आणि गाठाळ लाकडात ती लचकतात, चीर वाकडी जाते. वाळलेल्या फळीला पातळ, ओल्या ओंडक्याला जाड. इतके तारतम्य ठेवले म्हणजे झाले.

मोटर जळते ती का?

विहिरीवरची मोटर कमी दाबाच्या विजेवर चालवली की जळते, हे आपल्याला पैसे मोजून कळले आहे. सुतारशाळेतही तीच वीज. दाब कमी, त्यात पाते बोथट. सुतार लाकूड जोराने ढकलतो, पाते अडखळते, मोटर गुरगुरते, जास्त करंट ओढते आणि गुंडाळी तापते. मग वासाबरोबर धूर! दोष वीज मंडळाला दिला जातो. तो अर्धा खरा असेलही, पण उरलेला अर्धा बोथट आणि चुकीच्या पात्याचा असतो.

साधे गणित पाहा. ४,००० फेऱ्यांवर २४ दातांचे पाते मिनिटाला ९६ हजार घाव घालते, ८० दातांचे ३ लाख २० हजार. लाकूड त्याच गतीने पुढे सरकत असेल तर ८० दातांच्या पात्याच्या प्रत्येक दाताला अगदी पापुद्र्याएवढेच लाकूड मिळते. त्याने तो कापतो कमी आणि घासतो जास्त. घासण्याची उष्णता होते आणि तिचे बिल तुमच्या मीटरवर येते. दोन हॉर्सपॉवरची मोटर काढून तीनची बसवण्याआधी पाते बदलून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

लाकूड लाथ मारते तेव्हा

आता मुख्य मुद्दा. टेबलावरच्या पात्याचे पुढचे दात खाली जातात, पण मागचे दात वर येतात. ओले किंवा पिळाचे लाकूड चिरताना मागे चीर मिटते, पाते चिमटते आणि मागचे दात लाकूड उचलून थेट सुताराच्या पोटावर फेकतात. गाय लाथ मारते तशी! आणि लाकूड उडाले की त्यावर दाबलेला हात पात्यावर जातो. हे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच घडून जाते.

याला उपाय म्हणून पात्यामागे चिरेत शिरणारी एक पोलादी पट्टी असते. ती चीर मिटू देत नाही. पाते बदलले की ही पट्टीही जुळते का ते पाहावे लागते. पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड हवी, पण पडलेल्या चिरेपेक्षा पातळ हवी. जाड पट्टी ठेवून पातळ पाते लावले तर लाकूड पट्टीला अडते. मग ‘मधे मधे येते’ म्हणून पट्टीच काढून टाकली जाते. पात्यावरची टोपीही अशीच एके दिवशी कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर कोळी जाळे विणतात.

पाते योग्य आणि धारदार असेल तर लाकूड हलक्या हाताने पुढे सरकते. पाते चुकीचे असेल तर सारा जोर लावावा लागतो. आणि जोर लावलेला हात घसरला तर कुठे जाणार? समोर पातेच आहे. धारदार पाते धोक्याचे आणि बोथट पाते सुरक्षित, ही समजूत एकदम उलटी आहे.

थोडक्यात सांगायचे तर दात लाकडाच्या वर जेमतेम एका दाताएवढे ठेवा. पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नका, एका बाजूला राहा. शेवटची वीतभर फळी बोटांनी नव्हे, काठीने ढकला. हातमोजे, उपरणे, सैल बाही नको. आणि पाते बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन काढून हातावेगळी ठेवा. वीज गेली म्हणून पाते खोलायला बसावे आणि नेमकी त्याच वेळी वीज यावी, हे आपल्या गावांत अशक्य आहे का, तुम्हीच सांगा.

पोलादी की कार्बाइडचे?

कार्बाइडच्या टोकांचे, म्हणजे दुकानात ‘टीसीटी’ म्हणून मिळणारे पाते धार खूप दिवस टिकवते. सागवानात वाळूच्या जातीचा कठीण अंश असतो, प्लायमध्ये वाळलेला गोंद असतो. दोन्ही साध्या पोलादाची धार लवकर खातात. तिथे कार्बाइडच परवडते. मात्र ते कानशीने घासता येत नाही. त्याला हिऱ्याच्या चाकावर धार लावावी लागते आणि ती सोय शहरातच सापडते.

साध्या पोलादी पात्याला सुतार घरच्या घरी कानस मारू शकतो, दात फाकवू शकतो. जुन्या वाड्याच्या तुळया, मोडक्या गाडीच्या साट्या यांत खिळे दडलेले असतात. खिळ्यावर कार्बाइडचे टोक आपटले की तुटलेच. असल्या लाकडाला पोलादी पाते बरे. तेही खिळे शोधून काढल्यावर. म्हणून कार्बाइड आले तरी पोलादी पाते भंगारात देण्याची घाई नको. पात्यावर चीक आणि डिंक चढला तर ते बोथट झाल्यासारखे वागते. यंत्रावरून काढून, साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासून, कोरडे पुसा. पुष्कळदा ‘गेलेले’ पाते तेवढ्यानेच पुन्हा कामाला लागते.

परवडत नाही, हे खरे का?

कुणी म्हणेल, ‘बोलायला काय जातंय? दोन-दोन ब्लेडं घ्यायला पैसे कुठनं आणायचे? आणि दर कामाला ब्लेड बदलत बसलो तर धंदा कधी करायचा?’ या म्हणण्यात तथ्य आहे. लहान गावच्या सुताराकडे महिन्याला येणारे काम थोडे, त्यात उधारी. पूर्वी सुगीला बलुते मिळायचे, ते गेले. त्याच्या जागी रोख मजुरी आली, पण ती वेळेवर येतेच असे नाही. अशा माणसाला सहा पाती घ्या म्हणून उपदेश करण्यात अर्थ नाही.

पण दोन पाती ही चैन नव्हे. चिरायला एक, तोडायला एक. दिवसाचे काम आधी चिरणे आणि मग तोडणे असे लावून घेतले, तर पाते एकदाच बदलावे लागते. अगदीच एकच घेणे शक्य असेल तर ४० दातांचे मिश्र पाते घ्यावे आणि जाड लाकूड सॉ मिलवर चिरून आणायला सांगावे. गिऱ्हाईक थोडे कुरकुरेल, पण सुताराचा हात शाबूत राहील. बोट गेलेल्या सुताराला त्या दिवसापासून मजुरी कोण देतो? दोन माणसांच्या सुतारशाळेत कुणी फॅक्टरी इन्स्पेक्टर तपासायला येत नाही. तिथे ज्याची त्यानेच राखण करायची.

पैशाची एक वाटही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात सुतारकाम आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व पुढे २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची मांडणी आहे. अर्जाची पहिली पडताळणी गावात ग्रामपंचायतीकडूनच होते. तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी शिक्का मारून मोकळे होऊ नये. अवजारांचे पैसे मिळाले की मोठे यंत्र घेण्याचा मोह होतो. त्या वेळी सुताराला जवळ बसवून विचारावे, ‘मामा, ब्लेडं कोणती घेणार? टोपी आणि पट्टी यंत्राला आहे का?’ हा प्रश्न विचारायला शासनाचा आदेश लागत नाही.

ग्रामपंचायत स्वतःही गिऱ्हाईक असते. शाळेचे बाक, अंगणवाडीचा दरवाजा, कार्यालयाची कपाटे. दरपत्रक मागवताना सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवण्याची सवय आहे. त्या आकड्यात फुटक्या कडा आणि सैल सांधे लपलेले असतात. कामात एक अट घालावी, की कड न फुटता कापलेली हवी, सांध्यात फट नको. योग्य पाते वापरणाऱ्या सुतारालाच मग काम मिळेल आणि बाकीचेही आपोआप शिकतील. शेजारच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवणारे शिक्षक असतील, तर त्यांना एक दिवस गावात बोलवावे आणि चार-पाच गावच्या सुतारांना एकत्र बसवावे. सत्कार-समारंभावर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च नक्कीच कमी असेल. चार गावच्या सुतारांनी आपली बोथट कार्बाइडची पाती एकत्र करून महिन्यातून एकदा शहरात धारेला पाठवली, तर हेलपाटाही वाटून जाईल.

आणि शेतकरी बंधूंनो, आपलेही काही कर्तव्य आहे. लाकूड तोडले की आठव्या दिवशी ओलेच सुताराच्या दारात टाकू नका, सावलीत रचून वाळू द्या. जुन्या लाकडातले खिळे घरीच काढा. कोणते लाकूड आहे, किती वाळले आहे, ते खरे सांगा. ‘आजच्या आज पाहिजे’ म्हणून त्याच्या उरावर बसू नका. घाईतच टोपी निघते आणि पाते तसेच राहते. लाकूड धरायला शाळकरी पोराला तर मुळीच पाठवू नका. आणि चांगल्या पात्याने काम करणारा सुतार चार पैसे जास्त मागत असेल, तर ते द्या. भुशात जाणारे लाकूड मोजले तर ते चार पैसे तुमचेच वाचलेले आहेत.

विळ्याला धार नसेल तर आपण कापणीला जात नाही, आधी ती लावून घेतो. गावच्या सुतारशाळेतल्या पात्यालाही तोच न्याय लावायला हवा. मोटर पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल. पाते मात्र या सुगीच्या आधी बदला.